बुगडीसाठी कान टोचताय?

बुगडीची जागा म्हणजे वरच्या कानाची कूर्चा (लवचिक, मऊ हाड), कानाची पाळी नव्हे. पाळीची जखम दीड-दोन महिन्यांत भरते. इथे सहा महिने ते वर्ष धरून चाला. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून जखम रेंगाळते.

कान टोचायच्या गनने टोचून घेऊ नका, दुकानदार कितीही 'दोन सेकंदांचं काम' म्हणाला तरी. गन बोथट टोक दाबून आत घुसवते, कूर्चा चेचली जाते. एकदाच वापरायची पोकळ सुई हवी. पहिला दागिना बुगडी नकोच. इम्प्लांट दर्जाच्या (शरीरात बसवण्याजोग्या) टायटॅनियमचा, मागे सपाट चकती असलेला स्टड घ्या, दांडी साधारण 8 मिमी. सुजेला जागा लागते. मात्र सहा-आठ आठवड्यांनी सूज उतरली की टोचणाऱ्याकडूनच 6 मिमीची दांडी बसवून घ्या. हे बहुतेक जण विसरतात. लांब दांडी केसांत, ओढणीत, हेल्मेटच्या अस्तरात अडकते, भोक तिरकं होतं आणि कडेला गाठ येते.

दिवसातून दोनदा 0.9 टक्के सलाइनचा फवारा, मग गॉजने टिपणं. बस. कापूस नको, तंतू दांडीला गुंडाळतात. हळद-तेल, स्पिरिट, स्टड फिरवत बसणं, सगळं बंद. पांढरट-पिवळसर खपली म्हणजे पू नव्हे. त्या कुशीवर झोपू नका.

पाळी सोडून वरचा कान लालभडक, गरम होऊन ठणकू लागला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टड स्वतःहून काढू नका. भोक मिटून पू आत कोंडू शकतो.