दंपती, दंपत्ती आणि दोना पावला

फोंड्याहून एका वाचकाने विचारले आहे: ‘आईवडिलांच्या लग्नाला मे महिन्यात पन्नास वर्षे होतील. कार्यक्रमाची पत्रिका छापायची आहे. छापखान्यातून आलेल्या नमुन्यात “दंपत्ती” आहे, धाकटा भाऊ “दांपत्य” म्हणतो, मला “दंपती” बरोबर वाटते. काय लिहावे? आणि शब्द एकवचनी की अनेकवचनी?’

दंपती लिहावे. त एकच. शब्द अनेकवचनी: ‘दंपती आले’, ‘दंपतींनी समई लावली’. नमुना दुरुस्तीला परत पाठवा आणि दुरुस्त झालेला पुन्हा स्वतः वाचा.

‘दंपत्ती’ हा शब्द संस्कृतात नाही, मराठीत नाही, कोंकणीतही नाही. तरी तुळशीचे लग्न झाले की पेडण्यापासून काणकोणापर्यंत मंगल कार्यालयांच्या दारांवर ‘नवदंपत्तीस शुभाशीर्वाद’ झळकू लागते, आणि निवेदक त्या जोडाक्षरावर असा काही जोर देतात की कान किटतात. चूक कशी शिरली ते उघड आहे. संपत्ती, आपत्ती, विपत्ती, उत्पत्ती ही रांग आपल्या कानात बसलेली. पण ते सगळे शब्द ‘पद्’ धातूचे आहेत. सम् + पद् + ति; पुढच्या त-मुळे द् चा त् झाला, म्हणून तिथे दोन त. दंपतीत ‘पद्’ नाही, ‘पती’ आहे. चवथीला आपण घरी गणपत्ती आणत नाही, फौजेला सेनापत्ती नेमत नाही. मग लग्नातच ही दुप्पट कशाला?

‘दांपत्य’ची गोष्ट वेगळी. तो शब्द शुद्ध आहे, पण वर्तमानपत्रांनी त्याला भलत्या जागी बसवले आहे. शेवटी ‘पती’ असलेल्या शब्दापासून भाववाचक नाम कसे करायचे, ते पाणिनीने एका सूत्रात सांगून ठेवले आहे: ‘पत्यन्तपुरोहितादिभ्यो यक्’. सेनापतीचे सैनापत्य, अधिपतीचे आधिपत्य, दंपतीचे दांपत्य. ‘आधिपत्याने भाषण केले’ असे कोणी लिहील का? मग ‘ज्येष्ठ दांपत्याने भाषण केले’ रोज का छापले जाते? दांपत्य म्हणजे नवराबायको असण्याची अवस्था, ते नाते. ते जुळते, टिकते, मोडते, पन्नास वर्षांचे होते. ते गाडीतून उतरत नाही आणि त्याच्या खांद्यावर शालही घालता येत नाही. तुमच्या आईवडिलांच्या दांपत्याला पन्नास वर्षे होत आहेत. सत्कार आहे तो दंपतींचा.

यावर काही भाषाशिक्षक ‘जनता’चा दाखला देतात. जन + ता हे भाववाचक असून माणसांसाठी चालते, मग दांपत्य का चालू नये? दाखला साफ चुकीचा आहे. ‘जनता’मधला ता हा ‘सुंदरता’मधला ता नव्हे. तो समूह दाखवणारा प्रत्यय आहे आणि त्यासाठी पाणिनीचे वेगळे सूत्र आहे, ‘ग्रामजनबन्धुभ्यस्तल्’. जनता पहिल्यापासून माणसांचा समूहच होती. ‘रूढ झाले म्हणजे शुद्ध झाले’ म्हणणाऱ्यांनी निदान दाखले तरी तपासून द्यावेत.

व्याकरण इथे संपले. आता या शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगतो, कारण प्रेमाबद्दल आणि आयुष्यभराच्या सोबतीबद्दल इतके नेमके बोलणारा दुसरा शब्द मला माहीत नाही.

दम् म्हणजे घर. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त घ्या, आठवी ऋचा: ‘राजन्तमध्वराणां गोपामृतस्य दीदिविम्। वर्धमानं स्वे दमे॥’ अग्नी ‘स्वे दमे’, आपल्या घरात, वाढतो. याच मुळाचा लॅटिनमधला शब्द ‘दोमुस’, आणि त्या घराचा धनी ‘दोमिनुस’, धनीण ‘दोमिना’. पोर्तुगीजमध्ये येईपर्यंत दोमिना झिजून ‘दोना’ झाली. पणजीच्या कदंब स्टँडवर ‘दोना पावला, दोना पावला’ अशी हाक ऐकता ना? त्यातली दोना ती ही. पर्यटकांना तिथे प्रेमभंगाने समुद्रात उडी घेतलेल्या स्त्रीची कहाणी सांगतात. नावात मात्र उडी नाही आणि प्रेमभंगही नाही. नावात एक घरधनीण आहे, आणि तिचे मूळ दंपतीच्या मुळाशी एक आहे.

ग्रीकमध्ये तर आणखी नवल आहे. तिथे ‘देस्पोतेस’ असा शब्द आहे. फोड केली तर घराचा पती, म्हणजे घटक जसेच्या तसे ठेवून झालेला आपला ‘दम्पति’. यातूनच युरोपच्या भाषांत ‘डेस्पॉट’ आला, कोणाचे काही न ऐकणारा हुकूमशहा. एकाच मुळाचा शब्द. तिकडे तो एकवचनात राहिला आणि जुलमी झाला. आपल्याकडे तो द्विवचनात गेला आणि नवराबायको झाला! वेदात एकवचनी ‘दम्पति’ही आहे, अग्नीसाठी आणि इंद्रासाठी, ‘घराचा स्वामी’ याच अर्थाने. पण तो मागे पडला आणि टिकला तो दोघांचा ‘दम्पती’. घराला धनी दोन, हे या शब्दाचे सगळे सार आहे. माझ्या मते आपल्या समाजाने विवाहाविषयी केलेले सर्वात धाडसी विधान कोणत्याही स्मृतीत नाही, ते या द्विवचनात आहे.

परंपरेचे वैयाकरण हे मानत नाहीत. त्यांच्या मते जाया (म्हणजे बायको) आणि पती मिळून ‘दम्पती’, आणि ‘जाया’च्या जागी ‘दम्’ निपाताने येतो. अमरकोशात ‘दम्पती जम्पती जायापती भार्यापती च तौ’ अशी ओळच आहे, ती पाठ असलेली मंडळी माझ्याशी वाद घालायला येतात. कोशकार फक्त समानार्थी शब्द देतो आहे, व्युत्पत्ती सांगत नाही. आणि निपात म्हणजे ‘कारण विचारू नका’. ‘ज’चा ‘द’ व्हायला ध्वनीचा कोणताही नियम नाही. शिवाय ऋग्वेदात अग्नीला ‘सर्वासां समानं दम्पतिम्’ म्हटले आहे, सगळ्या प्रजांचा सामाईक दम्पति. इथे दम् म्हणजे जाया घेऊन अर्थ लावून दाखवावा. घर घेतले की ऋचा सरळ उलगडते. जाया आणि पतीची फोड करणाऱ्यांनी त्या स्त्रीला पतीची जाया करून ठेवले. मूळ शब्दात ती घराची स्वामिनी होती.

आधुनिकांतही एक पंथ आहे. तो म्हणतो, हे ‘पितरौ’सारखे आहे: आई आणि बाप दोघांना ‘पितरौ’ म्हणतात, तसा घरधनी एकच, बायको नुसती द्विवचनात ओढली गेली. मला हे अजिबात पटत नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात ‘या दम्पती समनसा सुनुत आ च धावतः’ अशी ऋचा आहे. दोघे एका मनाने सोम गाळतात, दोघे तो धुतात. क्रियापदे द्विवचनी आहेत, म्हणजे कामात दोघे आहेत. ज्याला घरातले काम वाटून केल्याचा अनुभव आहे, त्याला त्या ‘समनसा’चे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि गोव्यात बसून हे न पटणे तर फारच विचित्र आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७०पासून लागू झाली आणि १९६१च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग टिकला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी निम्मी. जोडीदाराच्या संमतीशिवाय घर किंवा भाट, म्हणजे बागायत, विकता येत नाही. विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. मूळ संहितेने कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला होता, ते तिचे उणेच म्हणायचे. पण मालकी दोघांची. दंपती या शब्दाचा अर्थ निबंधकाच्या कार्यालयात सहीने सिद्ध होतो, असा आपला मुलूख आहे.

पोर्तुगीजांचा शब्दही घराचाच निघाला. ‘काझा’ म्हणजे घर, त्यावरून ‘कझार’ म्हणजे लग्न करणे, आणि ‘कझाल’ म्हणजे जोडपे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडचे ‘काजार’ ते हेच. १५१०मध्ये गोवा घेतल्यावर अफोंसो द अल्बुकेर्कने आपल्या माणसांची इथल्या स्त्रियांशी लग्ने लावून दिली, आणि त्या संसारी, इथे ठाण मांडलेल्या लोकांना ‘कझादो’ म्हणू लागले. लग्न झालेला तो घर असलेला. बाकीचा नुसता शिपाई, ‘सोल्दादो’. त्या लग्नांमागे साम्राज्याचा हिशेब होता, यात शंका नाही. शब्द मात्र जुना आणि खरा.

इकडे कोंकणीत नवरा ‘घरकार’, बायको ‘घरकान्न’. मराठीत घरधनी आणि घरधनीण. जुन्या पिढीतले पुरुष बायकोला ‘आमचे कुटुंब’ म्हणत, ‘घरात विचारून सांगतो’ म्हणत. बायका ‘आमच्या घरचे’ म्हणत. वेदातही ‘जायेदस्तम्’ आहे: जाया हेच घर. (हे ‘अस्त’ म्हणजे घर. सूर्य अस्ताला जातो तो घरी जातो. हा अर्थ समजल्यापासून मला सूर्यास्त या शब्दात उदासी दिसेनाशी झाली.) नव्या प्रेमाला भाषेने हृदय, नजर, काळीज दिले. जे प्रेम टिकले त्याला मात्र तिने घर दिले. कोणी मनात भरते ते एका दिवसात. मनात घर करायला वेळ लागतो. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ या म्हणीत दोन्ही गोष्टी खर्चाच्या म्हणून एकत्र आल्या असे शाळेत शिकवतात. दंपतीचे मूळ कळल्यावर मला ते पटत नाही; ती दोन कामे मुळात एकच आहेत म्हणून ती एकत्र आली.

वचनाचा प्रश्न राहिला. संस्कृतात ऱ्हस्व ‘दम्पति’ एकटा आणि दीर्घ ‘दम्पती’ दोघे. मराठीने द्विवचन टाकले, पण शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहिण्याचा आपला नियम असल्यामुळे ‘दंपती’ हे रूप नेमके दोघांचेच हाती आले. द्विवचन नाही म्हणून अनेकवचन वापरायचे. ‘एक दंपती आला’ किंवा ‘ती दंपती’ हे कानाला टोचलेच पाहिजे. ‘उभयता’ हाही चांगला शब्द आहे, निमंत्रणाच्या मजकुरात जरूर वापरा.

एकवचनीच शब्द हवा असेल, तर घरचा ‘मेहूण’ आहे. मिथुनाचे प्राकृतात मिहुण झाले, त्याचे मेहूण. अधिक महिन्यात लेकजावयाला मेहूण म्हणून जेवायला बोलावतात, तेहतीस अनारशांचे वाण देतात. मेहुणा, मेहुणी आणि आपला कोंकणी मेवणो याच गोतावळ्यातले. मेहूण नपुंसकलिंगी: ‘मेहूण आले’, ‘मेहूण जेवले’. नवरा पुल्लिंगी, बायको स्त्रीलिंगी, आणि दोघे मिळून जे होते त्याला भाषेने तिसरे लिंग दिले, कारण ते दोघांपैकी कोणा एकाचे नव्हे. वर्तमानपत्रांना एकवचनीच शब्द हवा असेल तर त्यांनी ‘दांपत्य’ सोडून हा उचलावा. ‘वृद्ध मेहुणाचा सत्कार’ आज कानाला नवखे वाटेल, पण वाचक चार दिवसांत सरावतील.

पत्रिकेच्या माथ्यावर बहुतेक लोक ‘मंगलम् भगवान विष्णु’ छापतात. तुमच्या प्रसंगाला त्याहून नेमकी ऋचा विवाहसूक्तात आहे: ‘इहैव स्तं मा वि यौष्टं विश्वमायुर्व्यश्नुतम्। क्रीळन्तौ पुत्रैर्नप्तृभिर्मोदमानौ स्वे गृहे॥’ दोघे इथेच राहा, वेगळे होऊ नका, पूर्ण आयुष्य भोगा, मुलानातवंडांशी खेळत आपल्या घरात आनंदात असा. ‘स्तम्’, ‘यौष्टम्’, ‘अश्नुतम्’, ‘क्रीळन्तौ’, ‘मोदमानौ’, सगळी रूपे दोघांची. छापखान्यात एवढे मात्र बजावून सांगा की ‘क्रीळन्तौ’मध्ये ळ आहे. संगणकावरून उतरवलेल्या मजकुरात तिथे बहुधा ड येतो. अथर्ववेदाच्या पाठात तो आहेच, पण तिथे हीच ओळ ‘स्वे गृहे’ऐवजी ‘स्वस्तकौ’ अशी संपते. ऋग्वेदाचा पाठ छापणार असाल तर ळ हवा, आणि ज्यांच्या भाषेत तो ळ आजही रोज बोलला जातो, त्यांनी तो पत्रिकेवरून घालवू नये.