हिंगण्याच्या सवयी हिंगण्यातच ठेवून ये

तू विचारलंस, न्यूझीलंडच्या मीट प्लान्टची, म्हणजे मांस कारखान्याची, ऑफर आहे, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालवलाय, पण "तिकडे मशीनवर बोटं जातात" म्हणून आई नको म्हणते, तर खरं काय? आईला सांग, खरं आहे. माझ्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. मी अजून त्याच कामावर आहे, हेही सांग.

मीही हिंगण्यातूनच आलो. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात तिथेच गुंतावेत म्हणून. आम्ही एका बटणाला चिंधी बांधून ते दाबून ठेवायचो आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचो. पीस जास्त निघायचे. तू बांधत नाहीस असं सांगू नको, बाप्पा.

माझं बोट बँडसॉवर, म्हणजे हाडं कापायच्या विजेच्या करवतीवर, गेलं. शिफ्टचा शेवटचा तास होता. बोनिंग रूमच्या, म्हणजे मांसातून हाडं काढायच्या खोलीच्या, गारठ्यात आपल्या नागपूरकराची बोटं आपल्या ताब्यात राहत नाहीत. चरबीचा एक गोळा पात्याजवळ अडकला. बटण बंद केलं आणि बोटाने काढायला गेलो. सॉला ब्रेक नसेल तर बटण बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरतं. आवाज पडला की थांबलं असं वाटतं. आधी दुखलंसुद्धा नाही. सुपरवायझरने तुटलेलं पेर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घातलं आणि पिशवी बर्फावर ठेवली. थेट बर्फात टाकलं तर पेशी मरतात, हे मला तेव्हा कळलं. जोडता मात्र आलं नाही.

नव्या पद्धतीच्या सॉचं पातं हात लागताच थांबतं. मुलाखतीत विचार, तुमच्याकडे कुठला आहे.

हातमोज्याबाबत सगळे चुकतात. स्टीलच्या जाळीचा मोजा सुरीच्या कामाला, मांस धरणाऱ्या हातात. तोच मोजा बँडसॉवर किंवा कातडी सोलणाऱ्या दातेरी रोलरवर घातलास तर दात त्यात अडकतात आणि मोज्यासकट हात आत जातो. अंगठी, कडं, मनगटाचा गंडासुद्धा घरीच. मशीन धुताना तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात. आणि सुरी धारदार ठेव. बोथट सुरीला जोर लागतो, मग रात्री मनगटात मुंग्या येतात. बोट गेलेलं लोकांना दिसतं, मनगट गेलेलं कोणाला दिसत नाही.

पैशांचं सांगतो. इथे एसीसी नावाची सरकारी अपघात विमा व्यवस्था आहे. वर्क व्हिसावाल्यांनाही लागू, आणि चूक कोणाची ते विचारत नाही. कामावर लागलं तर पहिल्या आठवड्यात कंपनी पगाराच्या ८० टक्के देते, पुढे काम जमेपर्यंत एसीसी तेवढेच देते. पण त्या बदल्यात कंपनीवर भरपाईचा दावा लावता येत नाही. एकरकमी पैसे मिळतात ते शरीराचं कायमचं नुकसान १० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तरच. माझं पेर त्यात बसलं नाही.

व्हिसा एका कंपनीशी बांधलेला असतो, म्हणून आपली पोरं जखम लपवतात. तसं करू नको. साधा काप गेला तरी नोंदव. कच्च्या मांसाच्या कामात जखम पिकते, लेप्टो तापाची भीती वेगळी. इथलं बँडेज निळं असतं, मांसात पडलं तर दिसावं म्हणून. आणि २०१५ च्या इथल्या सुरक्षा कायद्याप्रमाणे गंभीर धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क तुला आहे. मी तो एकदाच वापरला, पात्यावरचं झाकण (गार्ड) काढलेल्या सॉवर. फोरमन चार दिवस बोलला नाही, बस.

सीताबर्डीच्या कुठल्या एजंटने "नोकरीचे" लाखो मागितले तर उठून ये. तो ई-मायग्रेटवर, म्हणजे आपल्या सरकारच्या पोर्टलवर, नोंदलेला आहे का बघ. नोंदलेल्यालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्या वर घेता येत नाही. इथल्या कायद्यातही नोकरी देण्याचे पैसे घेणं बेकायदेशीरच.

ऑफर लेटरवर आठवड्याचे तास किती लिहिलेत ते कळव. मेंढ्यांचा हंगाम संपला की काम कमी होतं, त्या महिन्यांचं काय ते त्यांच्याकडून लिहून घे. आईला बोलायचं असेल तर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लाव, इथे तेव्हा संध्याकाळ असते. बोट दाखवतो.