मझल ब्रेक, फ्लॅश हायडर की सप्रेसर?

प्रश्न : माझी .३०८ ची (म्हणजे गोळीचा व्यास ०.३०८ इंच) बोल्ट ॲक्शन रायफल आहे, दर बाराला हाताने बोल्ट ओढायची, धक्का जोरात बसतो आणि दुसऱ्या बारापर्यंत टार्गेट स्कोपमधून निघून गेलेलं असतं. रेंजवरचा मित्र म्हणतो नळीच्या तोंडावर काहीही बसव, सगळे सारखेच. खरंच असं आहे का?

उत्तर : अजिबात नाही, आणि हे ऐकून चुकीची वस्तू घेणारे खूप जण आहेत. .३०८ मध्ये गोळी साधारण १०-११ ग्रॅमची असते आणि पावडर ३ ग्रॅमच्या आसपास, ती पावडर गॅस होऊन गोळीच्या मागोमाग प्रचंड वेगाने बाहेर पडते, आणि या गॅसचं करायचं काय एवढाच सगळा खेळ आहे. मझल ब्रेक तो गॅस बाजूला आणि थोडा मागे फेकतो, त्यामुळे रायफल पुढे ओढली जाते आणि धक्का चांगलाच कमी होतो. कॉम्पेन्सेटर गॅस वर सोडतो म्हणजे तोंड उचललं जात नाही, एकेएम या रशियन रायफलचं तिरकं कापलेलं तोंड आठवा, तेच ते. फ्लॅश हायडरचा धक्क्याशी तसा संबंधच नाही, तो कमी उजेडात तुमचेच डोळे दिपू नयेत म्हणून असतो. अमेरिकन सैन्याच्या सुरुवातीच्या एम१६ रायफलला पुढून उघडा तीन दात्यांचा होता, तो व्हिएतनामच्या झाडीत अडकायचा म्हणून मग पुढून बंद पिंजऱ्यासारखा आला, आणि एम१६ए२ या नंतरच्या आवृत्तीत खालच्या फटीही बंद केल्या, झोपून फायर करताना धूळ उडू नये म्हणून.

तुमची तक्रार धक्क्याची आहे, म्हणजे सरळ उत्तर मझल ब्रेक. पण मी तुम्हाला लगेच घ्या म्हणणार नाही, कारण कानांचं काय? ब्रेक आवाज तुमच्याकडे आणि शेजारच्या लेनकडे वळवतो. अशा रायफलचा आवाज आधीच १६० डेसिबलच्या वर असतो आणि १४० च्या पुढे एका बारातही कान कायमचे खराब होऊ शकतात, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही हो. छताखालच्या रेंजवर तर शेजारच्याचे हाल होतात. ब्रेक लावलात तर आत प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घालाच.

सप्रेसर, म्हणजे लोक ज्याला सायलेन्सर म्हणतात तो, मला सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो. आवाज साधारण २० ते ३० डेसिबल कमी, धक्काही कमी, शेजारी खूश. फक्त वजन आणि लांबी वाढते, आणि गोळी आवाजापेक्षा वेगात जाते तिचा कडाका राहतोच, म्हणून इअरमफ काढू नका. कायदा मात्र देशोदेशी वेगळा, कुठे सहज मिळतो कुठे पूर्ण बंदी, आधी लायसन्सच्या ऑफिसात विचारा.

प्रश्न : .२२ रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाच्या) रायफलला ब्रेक लावून फायदा होईल का?

उत्तर : नाही. पावडरच इतकी कमी की वळवायला गॅस उरत नाही, पैसे वाचवा. स्पर्धेत उतरणार असाल तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल इव्हेंटमध्ये ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर चालतच नाहीत. आणि कुठल्याही रायफलवर काहीही बसवलं की गोळी लागायची जागा बदलते, झिरो पुन्हा करा, म्हणजे स्कोप गोळी लागते त्या जागेशी परत जुळवा, बसवायच्या वस्तूचे आटे आपल्या नळीच्या आट्यांशी जुळतात ना ते गनस्मिथकडून बघून घ्या, सप्रेसर जरासा वाकडा बसला तरी गोळी आतल्या पडद्यांना घासते.