जळगावातलं १९७२ सालचं आरसीसी घर: पाडावं की जुनं रूप राखून दुरुस्त करावं?

पाडायची घाई नको. स्लॅबचे पोपडे पडून आतली सळई दिसत असेल, तर रंगरंगोटीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तोवर स्वतः हातोडीने हलकं ठोकून बघा, सुटलेला भाग बद्द वाजतो. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीटला ढकलते. म्हणून वरून नुसता गिलावा मारून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला लांबूनच नमस्कार करा. आधी गळती थांबवायची. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) भरायचं. सळई फारच झिजली असेल तर जोडीला नवी टाकावी लागते, ते इंजिनिअर सांगेल.

आता रूपाचं. मोझॅक फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवणं म्हणजे माझ्या मते शुद्ध वेडेपणा. पॉलिशचं मशीन फिरवलं की आतल्या दगडी चिपा पुन्हा उजळतात. जिन्यातली सिमेंटची जाळी बुजवून काच लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वर चढलेली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. छज्जेही कापू नका. गच्चीवर जुन्या कोब्यावर (गळती रोखायला घातलेल्या थरावर) नवा कोबा चढवला की स्लॅबवर फुकटचं वजन येतं. जुना काढून वॉटरप्रूफिंग करा, वर पांढरा परावर्तक रंग द्या.

वायरिंग मात्र सगळं नवं आणि अर्थिंगसकट. एसी, गिझरचा भार त्या काळच्या तारांना झेपणार नाही.