फू सोंगलिंग वाचायला घेताना
पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटू नकोस. फू सोंगलिंग (१६४०–१७१५) या चिनी लेखकाच्या ‘ल्याओचाय’ या भुताखेतांच्या कथासंग्रहात जवळपास ५०० गोष्टी आहेत, काही तर जेमतेम चार ओळींच्या. आधी ‘रंगवलेली कातडी’ वाच, मग न्ये श्याओछ्येनची गोष्ट. १९८७चा हाँगकाँगचा गाजलेला भूतपट तिच्यावरूनच निघाला. भुतांइतकंच परीक्षांकडेही लक्ष ठेव. हा माणूस सरकारी अधिकारी होण्यासाठीच्या प्रांतिक परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, शिकवण्या करून जगला; ती सल गोष्टींमध्ये ठसठसते. काही गोष्टींच्या शेवटी तो ‘विचित्राचा इतिहासकार’ म्हणून शेरा मारतो. तो गाळू नकोस, कधी कधी गोष्टीपेक्षा तोच जास्त झोंबतो. जाइल्सचा १८८०चा इंग्रजी अनुवाद मात्र टाळ, त्यात शृंगार छाटलाय. त्याच्या आधीचा चिनी लेखक फेंग मंगलोंग, त्याच्या बोलीभाषेतल्या १२० कथा नंतर.