मॉन्ट्रियलच्या हॅबिटॅट लाटेवर नवख्याने कयाक न्यावी का?

कोलाडला दोनदा राफ्टिंग केले आहे, पोहताही येते, तर मॉन्ट्रियलला शिकायला आल्यावर हॅबिटॅटच्या लाटेवर कयाक घेऊन थेट उतरावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. निदान पहिल्या उन्हाळ्यात तरी नाही.

ही लाट सेंट लॉरेन्स नदीत, १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मोशे सफदी यांनी उभारलेल्या हॅबिटॅट ६७ या वसाहतीच्या मागे उठते. (ती वसाहत मला अजूनही सामान हलवताना घाईत रचलेल्या खोक्यांसारखी दिसते.) समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जवळजवळ जागेवर राहते; येथे नेमके उलट घडते. तळातील उंचवट्यावरून वेगाने उतरलेले पाणी पुढच्या खोल, संथ पाण्यावर आदळून उसळते, त्यामुळे लाट एकाच जागी उभी राहते आणि नदी तिच्यातून धावत जाते. नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून कयाक उतारावर बसली की उतार तिला खाली खेचतो, पाणी मागे ढकलते, आणि दोहोंचा मेळ बसला तर काठावरून पाहणाऱ्याला होडी स्थिर दिसते. कोलाडला कुंडलिका नदीवरचे राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालते, पण येथे महासरोवरांचे पाणी अखंड येत असल्याने ही लाट भर उन्हाळ्यातही आटत नाही.

लाटेवर बसणे त्या मानाने सोपे आहे, अडचण तेथून सुटल्यावर सुरू होते. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूची कड जराशी बुडाली तरी कयाक क्षणात पालथी होते, आणि कमरेभोवती स्कर्ट (होडीत पाणी शिरू नये म्हणून बसायच्या जागेवर ताणलेले आवरण) आवळलेला असताना पाण्याखाली उलटे लटकून रोल करणे, म्हणजे होडीतून न निघता तिच्यासह पुन्हा सुलटे होणे, हे पोहण्याहून अगदी वेगळे कौशल्य आहे. राफ्टमध्ये मागे गाईड असतो. येथे होडी सोडून बाहेर पडलात, तर प्रवाह आपल्याला, वल्ह्याला आणि पाण्याने भरलेल्या कयाकला तीन वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतो. माझे असे मॉन्ट्रियलच्याच लासाल भागातील लहान लाटेवर झाले होते. लाटेवर मी मोजून चार सेकंद होतो आणि काठाने होडी खांद्यावर घेऊन परत चालण्यात माझी दुपार गेली.

म्हणून हिवाळ्यात एखाद्या बंदिस्त जलतरण तलावात रोल दोन्ही बाजूंनी पक्का करावा, वसंतातले बर्फ वितळल्याचे चढते, गार पाणी ओसरू द्यावे, आणि मग लासालच्या रॅपिड्स उद्यानाजवळची ‘व्हाग आ गी’ ही त्यामानाने सौम्य लाट जाणत्या सोबत्याबरोबर गाठावी. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि कयाक उसने मिळाले तरी चालेल. नाकाचा चिमटा मात्र स्वतःचा घ्यावा.