फोंड्याजवळ राहतो. माझा घोडा रस्त्यावर दुचाकी आली की बुजतो. रोजच्या रपेटीतून त्याचा विश्वास कसा मिळवू?

बुजला की लगाम खेचू नका, टाचही मारू नका. नाहीतर दुचाकी आली की दुखतं, एवढंच तो शिकेल. थांबवा, त्याला नीट बघू द्या. मान खाली आली किंवा एक पाऊल पुढे पडलं, की त्याच क्षणी लगाम सैल सोडा. घोडा शिकतो तो दाब सुटतो तेव्हा, म्हणून ही वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं.

रपेट थोडीच, पण नियमित, आणि सकाळी लवकर. आपल्याकडच्या दमट उकाड्यात घोडा पटकन थकतो. आधी मोकळ्या सड्यावर (कातळाच्या सपाट माळावर), मग गावच्या वाटेनं. सोबत एखादा शांत, जाणता घोडा असला तर फारच बरं. समुद्रकिनाऱ्याची घाई नको, पायाखाली सरकणाऱ्या पाण्याला बरेच घोडे घाबरतात.